मेणाच्या ड्यूकचं ताट

सूप वाढून झालं होतं. पेल्यात वाइन ओतून झाली होती. चाखणाऱ्याने दोन्हींचा एकेक घोट घेऊन, विष नाही अशी मान हलवली होती. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते ड्यूक ओदो टेबलाच्या मधोमध, उंच पाठीच्या खुर्चीत, मेणाचे होऊन बसले होते.

"वाच की," डचेस आदेलाईद माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सूप गार होतंय त्यांचं."

मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. आवाज कापत होता. तो नेहमीच कापायचा, पण मेणाच्या माणसापुढे जरा जास्तच. जिवंत ड्यूक निदान कंटाळले की जांभई द्यायचे. मेणाला कंटाळा येतो की नाही, हे कसं ओळखायचं?

आमच्या व्हालदोरच्या डोंगरी राज्यातली ही जुनी रीत. ड्यूक वारले की त्यांचा देह शिशाच्या पेटीत घालून चॅपेलमध्ये ठेवायचा, आणि दफनाचा दिवस उजाडेपर्यंत त्यांचा मेणाचा पुतळा खुर्चीत बसवायचा. अंगात त्यांचाच झगा, बोटात त्यांचीच अंगठी. रोज दुपारी सगळ्या सरदारांच्या देखत त्याला जेवायला वाढायचं. चाखणाऱ्याने चाखायचं, वाचणाऱ्याने वाचायचं. दफन होईपर्यंत राज्य त्यांचंच. दफनाच्या सकाळी वारसाने पुतळ्याच्या बोटातली अंगठी काढून आपल्या बोटात घालायची, की मग राज्य वारसाचं.

वाचणारा मी होतो. माझं नाव आन्सेल. आता मी इतका म्हातारा झालोय की तेव्हाही मी म्हातारा होतो असंच मला आठवतं. पण ते खरं नसावं. केस काळे होते बहुधा.

मेणकाराने पुतळा सुरेख केला होता. फक्त एक चूक झाली होती. ड्यूकना डावा कान नव्हता. तरुणपणी ओरेन नदीच्या उतारावरच्या लढाईत तो गेला होता. मेणकार परगावचा, त्याने बिचाऱ्याने दोन्ही कान लावले. पहिल्या दिवशी डचेस खुर्चीजवळ आल्या, बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा कोण?" मग टेबलावरची मांस कापायची सुरी उचलून त्यांनी डावा कान साफ कापून टाकला. तो मेणाचा कान त्यांनी झग्याच्या खिशात टाकला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता ओळखीचे वाटतात."

मला ड्यूकची आठवण काढायची म्हणजे दुपारचीच काढावी लागते. बाकीच्या वेळी ते इतरांचे असायचे. कोणी म्हणेल, त्यांनी ब्रेझॉन शहराशी किती वर्षं युद्ध केलं. कोणी म्हणेल, दुष्काळात कोठारं उघडली. कोणी म्हणेल, ओरेनवरचा दगडी पूल बांधला आणि त्याच्या पहिल्या दगडाखाली स्वतःच्या हाताने चुना घातला. हे सगळं खरं आहे, पण मी त्यातलं काही पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की एक धिप्पाड, एका कानाचा माणूस, ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, जेवताना चमचा खाली ठेवून पुस्तक ऐकायचा. त्याला शिकारीच्या गोष्टी आवडत नसत. प्रवासाच्या आवडत. एखादं जहाज वादळात सापडलं की तो मला थांबवायचा. "हळू वाच. बुडू दे सावकाश."

जेवण झालं की ते उरलेलं ताट कोणाला तरी पाठवायचे. वाकून माझ्या कानात नाव सांगायचे आणि मी ते मोठ्याने जाहीर करायचो. "ड्यूकचं आजचं ताट तबेल्यातल्या लंगड्या मार्तँला." "ड्यूकचं आजचं ताट बाळंतीण झालेल्या धोबिणीला." दिवाणखान्यात माझ्या तोंडून पुस्तकाबाहेरचं निघायचं ते एवढंच एक वाक्य, आणि तेही माझं नसायचं.

त्याआधी मात्र ते आणखी एक गोष्ट करायचे. वाचन सुरू होण्यापूर्वी आपल्या ताटातला पाव मोडायचे आणि त्यातला तुकडा मला द्यायचे.

"खा. आवाज फुटत नाही तुझा."

रोज. सणाला, उपासाला, ताप असतानासुद्धा. मी समजत होतो, मी फार अशक्त दिसत असेन.

मी मूळचा ब्रेझॉनचा. म्हणजे शत्रूकडचा. एका तहाच्या वेळी ब्रेझॉनने ओलीस म्हणून आपल्याकडच्या प्रतिष्ठित घरातला एक मुलगा द्यावा असं ठरलं आणि आमच्या घरावर पाळी आली. माझा थोरला भाऊ व्यापार बघायचा. धाकटा तलवार उत्तम चालवायचा. मी कोपऱ्यात वाचत बसायचो. वडिलांनी जेवताना तिघांकडे एकदा पाहिलं. माझ्याकडे पोहोचल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. ते काही वाईट नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तरी मलाच निवडलं असतं.

पुढे तिसऱ्या हिवाळ्यात ब्रेझॉनने तह मोडला. तह मोडला तर ओलिसाचं काय होतं हे मला पुस्तकांतून माहीत होतं. मी वाट पाहिली. कोणीच आलं नाही. युद्ध झालं, संपलं, पुन्हा झालं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी समजलो, आपण इतके किरकोळ की फाशी द्यायलाही विसरले. त्याचं थोडं वाईट वाटल्याचंही आठवतं.

*

त्या शेवटच्या दुपारच्या आधीची सकाळ. दुसऱ्या दिवशी दफन होतं. मी पुलावरच्या बुरुजाकडे गेलो होतो. बुरुजाच्या पायथ्याशी एक कोठडी आहे, तिला हाताएवढी जाळीची खिडकी आहे. आत माथिल्द होती.

माथिल्द म्हणजे पुलाची राखणदारीण. नवऱ्यानंतर पुलाच्या दरवाज्याची किल्ली ड्यूकनी तिच्याकडेच ठेवली होती. सणाच्या दिवशी ती वाड्यावर यायची, दिवाणखान्यातल्या अगदी शेवटच्या बाकावर बसून पुस्तक ऐकायची, आणि गोष्ट संपायच्या आत तिला दरवाज्यासाठी पळावं लागायचं. त्यामुळे तिला कुठल्याच गोष्टीचा शेवट माहीत नव्हता.

"कोण ते? पुस्तकवाले?" आतून आवाज आला. "पावलांवरून ओळखलं. असं वाटतं की जमिनीची माफी मागत चालताय."

"कशा आहात, माथिल्दबाई?"

"उद्या फाशी आहे. तोपर्यंत बरी आहे."

ड्यूक शेवटच्या आजारात बेशुद्ध असताना नदीपलीकडे ब्रेझॉनला मोठी आग लागली. माणसं पुलाकडे धावली. ड्यूकना मूल नव्हतं. वारस त्यांचा पुतण्या रेनो, आणि त्याने हुकूम दिला की दरवाजा उघडायचा नाही, हा शत्रूचा डाव असेल. माथिल्दने दरवाजाच्या फटीतून पाहिलं आणि किल्ली फिरवली. डाव वगैरे काही नव्हता. होती ती काजळलेल्या तोंडाची बायकापोरं. पण हुकूम मोडला गेला होता, आणि तोही रेनोने आयुष्यात दिलेला पहिला हुकूम. चुलत्याचं राज्य असेपर्यंत फाशी देणं बरं दिसणार नाही म्हणून तो थांबला होता. उद्या अंगठी बोटात आली की पहिलं काम तेच, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"फिरवली कशाला किल्ली?" मी विचारलं. हा प्रश्न मी कित्येक दिवस मनात घोळवला होता, आणि तोंडातून निघाल्यावर तो फारच मूर्ख वाटला.

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला वाटतं, मी घाबरून किल्लीच हरवली असती."

ती हसली. मग म्हणाली, "ते जहाज बंदराला लागलं का हो? त्या व्यापाऱ्याचं? मी ऐकलं तेव्हा शीड फाटलं होतं."

"नाही अजून. थोडी पानं राहिलीत."

"मग आज लावून टाका. मला उद्यापर्यंतच थांबता येईल."

 मी जाळीला धरून उभा राहिलो.

"आणि एक सांगू?" ती म्हणाली. "इथे कोंड्याचा पाव देतात. पाण्यात बुडवला तरी दात हलतो. आणि तिकडे रोज दुपारी मेणाच्या माणसापुढे म्हणे भाजलेलं बदक ठेवतात. त्याला भूक नाही, मला आहे. देवाला तरी पटतं का हे?"

परत येताना चॅपेलच्या दारात डचेस भेटल्या. त्यांना मी नेहमीच घाबरायचो. ड्यूकच्या शेजारी बसून त्यांनी इतकी वर्षं तो पावाचा तुकडा माझ्याकडे जाताना पाहिला होता, आणि दर वेळी त्यांची नजर त्या तुकड्यावर असायची. मला वाटायचं, त्यांना तो आवडत नाही. तुकडाही आणि मीही.

"पुलाकडे गेला होतास?"

"हो, बाईसाहेब."

"रोज ताट जाहीर करतोस ते 'वेशीवरच्या गरिबांना' असं. कुणी सांगितलं?"

"रेनो सरकारांनी. म्हणाले, ड्यूक आता काही सांगू शकत नाहीत, तर तू हेच म्हण."

"अस्सं." त्या झग्याच्या खिशात काहीतरी चाचपत होत्या. बहुधा तो कान. "आज शेवटचं ताट आहे. माझा नवरा असता तर आज कुणाचं नाव सांगितलं असतं, याचा जरा विचार कर. पुस्तकं एवढी वाचतोस, हेही वाच."

आणि त्या आत निघून गेल्या.

*

तर त्या दुपारी मी वाचत होतो, आणि सूप गार होत होतं.

दिवाणखाना भरलेला होता. दफनासाठी लांबलांबचे सरदार आले होते. रेनो पुतळ्याच्या उजव्या हाताला बसला होता. तो तरुण होता, देखणा होता आणि फार अस्वस्थ होता. पलीकडच्या खोऱ्यातला एक लांबचा चुलतभाऊही गादीवर हक्क सांगत होता, म्हणून रेनोला सगळं रीतीप्रमाणे, अगदी तंतोतंत व्हायला हवं होतं. गेल्या दोन ड्यूकांच्या वेळी पुतळ्याला नुसतं सूप दाखवून उरकलं होतं. रेनोने पूर्ण जेवण सुरू केलं. हात धुवायला गुलाबपाणी, चाखणारा, वाचणारा, ताटाची घोषणा, सगळं. कोणी चुलत्यांना पुतळा म्हटलेलंही त्याला खपत नसे. "ड्यूक जेवत आहेत," असंच म्हणायचं.

मी पानं उलटत गेलो. जहाज बंदराला लागलं. ते मी जरा घाईने लावलं, वादळाचं एक पान गाळलं, हे कबूल करतो. व्यापारी धक्क्यावर उतरला, आपल्या गल्लीत आला, आणि दार वाजवलं. तिथे पुस्तक संपतं. दार कोण उघडतं ते लिहिलेलं नाही.

मी पुस्तक मिटलं. वाढणाऱ्याने पुतळ्यासमोरचं ताट उचललं. बदक, पाव, मधातली पेअर, सगळं न शिवलेलं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"ड्यूकचं आजचं ताट," मी म्हणालो, आणि माझा आवाज बसला. मी खाकरलो. "ड्यूकचं आजचं ताट पुलाच्या कोठडीतल्या माथिल्दला."

माझी कल्पना एवढीच होती की तिला कोंडा खावा लागतो आणि इथे बदक आहे. शपथेवर सांगतो, यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं. रेनो रागावेल, मला हाकलून देईल, इतपत धैर्य मी गोळा केलं होतं. पण जे झालं ते मला कळेना.  टेबलाखालची कुत्री हाडं फोडत होती तेवढाच आवाज. म्हातारे सरदार एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी छातीवर क्रूस काढला.

रेनो उठून उभा राहिला. "परत म्हण."

"ड्यूकचं आजचं ताट..."

"ते नाही! वेशीवरचे गरीब, असं म्हण. चुकून बोललास. चुकलं असं सांग आणि नीट म्हण."

मला ते सहज म्हणता आलं असतं. आयुष्यभर मी न चुकता 'चुकलं' म्हणत आलोय. पण समोर वाढणारा ताट धरून उभा होता, आणि मला ती हाताएवढी खिडकी दिसत होती.

"सरकार," मी म्हणालो, "ताटाची घोषणा परत घेतलेली मी कधी ऐकली नाही. महाराजांनी कधी घेतली नाही."

"महाराजांनी तुला हे नाव सांगितलं का?"

"नाही, सरकार."

"कसं सांगतील? तो मेणाचा गोळा आहे!"

आता हे मी जे बोललो ते मला हुशारीने सुचलं असं लोक अजून म्हणतात. तसं नव्हतं. मी खरंच गोंधळलो होतो. पुस्तकात एखादी गोष्ट आधीच्या पानाशी जुळेनाशी झाली की मला तसं होतं.

"मग सरकार," मी विचारलं, "इतके दिवस आपण जेवायला कुणाला वाढतोय?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कोणी. रेनोचा चेहरा लाल झाला. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या सरदाराने त्याची बाही ओढली आणि हळू, पण मला ऐकू येईल इतकं मोठ्याने सांगितलं, "जपून बोला, सरकार. हा मेणाचा गोळा असेल तर उद्या तुम्ही अंगठी कुणाच्या बोटातून काढणार? पलीकडच्या खोऱ्यात हेच ऐकायला टपलेत."

रेनो पुतळ्याच्या बोटातल्या अंगठीकडे बघत राहिला. मग तो वेगळ्या आवाजात बोलला. "ठीक आहे. ड्यूकचं ताट आहे. खाऊ दे तिला. पण त्याने उद्याची फाशी टळते, ही आजीबाईची गोष्ट मला कुणी सांगू नका."

मी चमकलो. फाशी? ताटाचा आणि फाशीचा संबंध काय?

"गोष्ट नाही, कायदा आहे," म्हातारा सरदार म्हणाला. "ज्याने ड्यूकच्या ताटातला घास खाल्ला तो ड्यूकच्या घरचा. व्हालदोरमध्ये ड्यूकच्या घरच्या माणसाला फाशी देता येत नाही. ना या ड्यूकला, ना पुढच्याला."

"कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही."

"मग पाहिलाय कुणी? तुमच्या हयातीत या ताटाने दोरावरून उतरलेला एक माणूस दाखवा. एकच. मी त्याच्यासमोर गुडघे टेकतो आणि त्या बाईला सोडतो."

 म्हातारा दाढी खाजवत खाली बघायला लागला. लंगडा मार्तँ, धोबीण, यांना कोण फाशी देणार होतं? ताटं सगळी भुकेल्यांनाच गेली होती. वाढणाऱ्याचे हात भरून आले होते. 

तेव्हा डचेस आदेलाईदनी तोंडावरची काळी जाळी वर केली.

"तो काय समोर उभा आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तक हातात घेऊन."

मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागे भिंत होती.

"तूच रे," त्या म्हणाल्या. "वेडा कुठला."

आणि मग त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मला तो दिवस दिसायला लागला. तो मला कधीच विसरता आला नव्हता, पण त्याचा अर्थ मी भलताच लावून ठेवला होता.

तिसऱ्या हिवाळ्यातली दुपार. माझं पोट बिघडलं होतं. ड्यूकनी दिलेला पावाचा तुकडा मी नजर चुकवून कुत्र्याला टाकला. तेवढ्यात चिखलाचे बूट घातलेली माणसं आत आली, ड्यूकशी काही बोलली, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, कुत्र्याचं कळलं. ड्यूक उठले. ते कधी जेवणातून उठत नसत. ते थेट माझ्या वाचनाच्या उंच मेजाशी आले.

"मघाचा तुकडा खाल्लास?"

"नाही, महाराज. कुत्र्याला दिला."

कोणी हसलं नाही. ड्यूक परत गेले, आपल्या ताटातला पाव त्यांनी मोडला, घेऊन आले, आणि माझ्या तोंडापुढे धरला.

"खा. सगळ्यांना दिसेल असा खा."

मी खाल्ला. तुकडा तोंडात फिरता फिरेना, आणि तो सबंध वेळ तो धिप्पाड माणूस माझ्यासमोर उभा होता. मी गिळल्यावर एका दांडग्या सरदाराने आपला हातमोजा टेबलावर आपटला आणि तो बाहेर निघून गेला. पुढे कित्येक वर्षं मी तो प्रसंग आठवून लाजेने लाल व्हायचो. मला वाटायचं, भर सभेत माझी थट्टा झाली, आणि माझी खाण्याची पद्धत बघून त्या सरदाराला किळस आली.

"त्या दिवशी बातमी आली होती की ब्रेझॉनने तह मोडला," डचेस म्हणाल्या. "नदीवरची चौकी जाळली. हातमोजा आपटणाऱ्याचा मुलगा त्या चौकीत होता. ओलिसाला पुलावरून, त्याच्या गावाकडे तोंड करून लटकवायचं, हा कायदा लिहिलेला होता. दोर आणायला माणूस गेलासुद्धा होता. आणि माझ्या नवऱ्याने याला पाव भरवला." त्या रेनोकडे वळल्या. "तुला एक माणूस हवा होता ना? हा घे."

रेनो माझ्याकडे बघत होता. मी रेनोकडे बघू शकत नव्हतो. मी माझ्या हातांकडे बघत होतो, हे हात इतकी वर्षं कशामुळे आहेत म्हणून.

रेनोने शब्द पाळला, हे सांगायला हवं. तो माझ्यासमोर आला आणि एक गुडघा टेकला; पटकन, कपडे मळू नयेत अशा बेताने, पण टेकला. मी इतका घाबरलो की मीही गुडघे टेकले, आणि क्षणभर आम्ही दोघे जमिनीवर समोरासमोर होतो.

"ऊठ रे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "शोभा होतेय." मग उठून वाढणाऱ्याला ओरडला, "बघतोस काय? गार होतंय. पुलावर ने!"

पुढे तो काही वाईट ड्यूक निघाला नाही. त्याच्याही पुतळ्यापुढे मीच वाचलं.

*

दिवाणखाना रिकामा झाला. मी पुस्तक छातीशी धरून तिथेच उभा होतो. डचेस पुतळ्याच्या शेजारी बसून होत्या. त्यांनी खिशातून तो मेणाचा कान काढून टेबलावर ठेवला होता आणि बोटाने इकडेतिकडे ढकलत होत्या.

"बाईसाहेब, तुम्ही मला सकाळीच का नाही सांगितलंत? कायद्याचं?"

"सांगितलं असतं तर भीतीने तुझी दातखीळ बसली असती. बदक पाठवायचं म्हटल्यावर जेमतेम बोललास."

ते खरं होतं.

"आणि ते सांगणं माझं झालं असतं," त्या म्हणाल्या. "ताट त्यांचं. नाव त्यांच्या वाचणाऱ्याच्याच तोंडून यायला हवं."

मी धीर केला. "पण बाईसाहेब, कायद्याला किती घास लागतात?"

"एक."

"एकच?"

"एकदा खाल्लास की झालं."

"म्हणजे त्या दिवसाच्याही आधी..."

"तू आलास त्याच दिवशी भरवला होता त्यांनी. तेव्हाच तू घरचा झालास. पण तो घास कुणाच्या ध्यानात राहिला नव्हता, म्हणून तिसऱ्या हिवाळ्यात पुन्हा सगळ्यांना दाखवून भरवला. तेवढ्यावर तू शंभर वर्षं जगला असतास."

"मग बाकीची वर्षं? रोज? सणाला, उपासाला?"

डचेसनी कान टेबलावर थांबवला. "मी एकदा विचारलं होतं. म्हटलं, रोज तुमच्या ताटातला पाव त्या पोराला का? तर म्हणाले, 'त्याचा आवाज कापतो गं, आदेल.'" त्या पुतळ्याकडे बघत राहिल्या. "मी म्हटलं, खाऊन थांबतो का? तर म्हणाले, 'थांबला तर ऐकायला मजा नाही.'"

 

तेवढ्यात वाढणारा ताट घेऊन परत आला. बदकाची हाडं राहिली होती. पेअर नव्हती. ताटाच्या कडेला पावाचा अर्धा तुकडा नीट बाजूला ठेवलेला होता.

"बाईने निरोप दिलाय," वाढणारा माझ्याकडे बघून म्हणाला. "म्हणाली, बदक छान होतं. पाव जरा शिळा होता. तो अर्धा पुस्तकवाल्यांना द्या, आणि विचारून ये, जहाज बंदराला लागलं का."

"लागलं, म्हणावं," मी म्हणालो.

"आणि घरी दार कुणी उघडलं, तेही विचारलंय."

"ते मी स्वतः येऊन सांगतो. सांग तिला."

तो गेला. मी पावाचा तुकडा उचलला. खरंच शिळा होता. डचेस खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला वाटतं, मुद्दामच. मी पुस्तक खाली ठेवलं, टेबलाला वळसा घातला आणि त्या एका कानाच्या मेणाच्या माणसासमोर जाऊन उभा राहिलो.

मग तो तुकडा मी सावकाश खाल्ला. त्यांना दिसेल असा.